नितळ पाण्याची पेटी

भेग होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मधेच कोणीतरी मान वाकडी करून विचारणार, "पण खरंच होती का हो?" होती! बोटीच्या धक्क्याच्या पाचव्या खांबाला, पाण्याखाली दोन पुरुष खोल, चार बोटं मुळापर्यंत आत जातील एवढी रुंद आणि हातभर लांब. मामाने ती स्वतःच्या हाताने पाहिली होती. हाताने कसं पाहतात, अशी ज्याला शंका असेल त्याने एकदा त्या पाण्यात उतरून दाखवावं. नदी समुद्राला मिळते ती जागा, वरून गाळ येतो, खालून गाळ उठतो. डोळ्यांसमोर धरलेला आपलाच हात वीतभर लांब नेला की दिसेनासा होतो. त्या काळ्या पाण्यात मामा एकतीस वर्षं उतरत होता. महिन्यातून एकदा बाराही खांब वरपासून खालपर्यंत चाचपून यायचं, हे त्याचं काम. कार्यालयातले लोक त्याला मागून 'चाचपडे' म्हणत. समोर 'मामा'.

पाचव्या खांबावरून तो वर आला तो तसाच, पाणी निथळत, मुख्य अभियंत्यांच्या खोलीत गेला. साहेबांनी आधी फरशीकडे पाहिलं, मग मामाकडे.

"साहेब, पाचवा खांब फाटलाय. बोट बंद करा."

"फोटो कुठाय?"

"त्या पाण्यात फोटो कसला निघतोय, साहेब? हाताला लागली भेग."

"हाताला लागली," साहेब म्हणाले, आणि पुढचा कागद ओढला.

आणि पुढल्या सोमवारी मामाच्या हातात आदेश पडला. त्यातलं एक वाक्य मामीने पाठ केलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती ते म्हणून दाखवायची. 'सदर पाणबुड्यास वयोमानामुळे स्पर्शाचा भ्रम होत असल्याची शक्यता नाकारता येत नसल्याने, छायाचित्राचा पुरावा सादर होईपर्यंत त्यांनी पाण्यात उतरू नये.' स्पर्शाचा भ्रम! एकतीस वर्षांत ज्याने एक सुटलेला खिळा चुकवला नाही त्याला भ्रम. आणि हे लिहिणाऱ्याचे पाय आंघोळीशिवाय कधी ओले झाले नव्हते.

मामा आदळआपट करणारा माणूस नव्हे. त्याने आदेशाची घडी घातली, कपाटात ठेवली आणि खुर्चीत बसून राहिला. आठ दिवस झाले तरी बसूनच. मामीने शेवटी भाचीला फोन केला, "अगं, ये बाई. जेवतात, झोपतात, सगळं करतात, पण बोलत नाहीत. आणि सारखे खुर्चीच्या हातावर बोटं फिरवत असतात."

भाचीला घरात सगळे बेडकी म्हणत. लहानपणी पाण्यातून बाहेर निघायची नाही म्हणून पडलेलं नाव, आता चाळिशी उलटली तरी चिकटून होतं. पोहायला आणि बुडी मारायला तिला मामानेच शिकवलं. ती पाण्याखालचे फोटो काढायची. दुरुस्तीला आलेल्या जहाजांचे तळ, पंख्याची पाती, गंजलेल्या साखळ्या. सुंदर मासे वगैरे काढणारे फोटोवाले वेगळे. त्यांचं पाणी निळं असतं.

ती आली, मामासमोर स्टूल ओढून बसली. मामा खुर्चीच्या हातावर बोटं फिरवत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "बेडके, मला खरंच भ्रम होत असेल का गं?"

बेडकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब काय वाटेल ते लिहोत, पण मामाने स्वतःच्या हातावर संशय घ्यावा? ज्या हाताच्या भरवशावर हा माणूस काळोखात जगला, तो हातच त्यांनी याच्याकडून काढून घेतला होता.

"तू गप बस," ती म्हणाली. "फोटो पाहिजे ना त्यांना? देते."

दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढे उभी राहिली. साहेब अगदी गोड बोलले. "मॅडम, अडचण काहीच नाही. कार्यालयाचा स्वतःचा कॅमेरा आहे. गेल्या वर्षी समितीने निवडून घेतलाय. सगळ्यात वरचं मॉडेल."

समिती पाच जणांची होती. त्यात पोहता येणारा एकही नव्हता. कॅमेरा त्याच्या पाणबंद कवचासकट मोठ्या कुकरएवढा होता, आणि लेन्सच्या डोक्यावर खाणकामगाराच्या टोपीला असतो तसा एक जबरदस्त दिवा बसवलेला. बेडकीने तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. पण हाच वापरा, असा साहेबांचा हट्ट. वापरला. पाचव्या खांबापाशी उतरली, बटण दाबलं, वर येऊन पडद्यावर पाहिलं तर दुधाचं पातेलं! पांढरंफटक. गढूळ पाण्यात लेन्सला लागून दिवा लावला की गाळाचा कण न् कण चमकतो, खांब राहतो त्याच्या पाठीमागे. धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावणाऱ्याची जी गत होते तीच.

साहेबांनी पांढरा फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"भेग तर काही दिसत नाहीये."

"साहेब, खांबच दिसत नाहीये."

"मग असं करा," साहेब म्हणाले, "दिवा आणखी मोठा लावा."

आता यावर माणसाने हसावं की भिंतीवर डोकं आपटावं? बेडकीने दोन्ही केलं नाही. तिने कॅमेरा टेबलावर ठेवला, पोच घेतली आणि घरी आली.

मग तिने स्वतःचं सामान काढलं. मामीच्या पलंगावर तीन कॅमेरे मांडले. पहिला मोठा, लेन्स बदलता येणारा. जहाजाच्या तळासाठी तो राजा, पण त्याला समोरच्या वस्तूपासून लांब उभं राहावं लागतं, आणि लांब म्हणजे मधे गाळ. दुसरा मधला, बरा होता, पण अंधारात नेम धरताना त्याची लेन्स पुढे-मागे करत बसायची. तिसरा जुनाट, मुठीत मावणारा, कोपऱ्यात टवका उडालेला. त्याची लेन्स मात्र चांगली रुंद होती आणि चार बोटांवरची वस्तू त्याला स्वच्छ दिसायची. तिने तिसरा उचलला. दिवे दोन छोटे घेतले, लांब दांड्यांवर बसवले, लेन्सपासून हातभर डावीकडे आणि हातभर उजवीकडे, म्हणजे उजेड बाजूने येईल आणि कॅमेऱ्यासमोरच्या गाळावर पडणार नाही. पुन्हा उतरली. या वेळी दुधाऐवजी डाळीचं पाणी निघालं. काहीतरी काळसर आडवं दिसत होतं, पण ती भेग म्हणायची की शेवाळ, हे देवालाच ठाऊक.

"सुधारणा आहे," मामी म्हणाली. मामीचा स्वभाव असा की वाईट बातमीसुद्धा ती उत्तेजनार्थ बक्षीस दिल्यासारखी सांगायची.

चार बोटांचं अंतर, पण तेवढंही पाणी आड येत होतं. बेडकी रात्रभर कूस बदलत राहिली आणि सकाळी चहाचा कप हातात घेतल्या घेतल्या ओरडली, "मामी! ते पाणी मधे राहूच द्यायचं नाही!"

घाण पाणी हटवता येत नाही, पण त्याच्या जागी आपलं स्वच्छ पाणी नेता येतं. शोभेच्या माशांच्या पेट्या बनवणाऱ्याकडे ती गेली. जाड पारदर्शक प्लास्टिकची पेटी हवी, म्हणाली. टीचभर लांब, पुढचं तोंड ताटाएवढं, मागचं कॅमेऱ्याएवढं, वर एक बूच. पेटीवाल्याने माप लिहून घेतलं आणि विचारलं, "यात मासे कोणते ठेवणार, ताई?"

"मासे नाही. पाणी ठेवणार."

"आणि ही पेटी ठेवणार कुठे?"

"पाण्यात."

पेटीवाल्याने पेन्सिल कानावर खोचली. पण पेटी अशी चोख बनवली की सांध्यातून थेंब पाझरत नव्हता.

आता पेटीत भरायला पाणी. नळाचं चालेना, त्यात बारीक बुडबुडे येऊन भिंतींना चिकटत. मग गाळून घ्यायचं, खळखळून उकळायचं आणि झाकून निववायचं. तीन दिवस मामीच्या शेगडीवर दुसरं काही चढलं नाही. "घरात एवढं उकळलेलं पाणी," मामी म्हणायची, "आणि प्यायला मागितलं तर म्हणतात, हात लावू नकोस, ते कॅमेऱ्याचं आहे!" गच्चीवर ड्रमात नदीचा गाळ कालवून बेडकीने तळाशी एक फुटकी वीट ठेवली आणि पेटीचं तोंड विटेला टेकवून फोटो काढले. पहिल्या फोटोत वीट नव्हतीच, बेडकीच्याच पोशाखाचा पिवळा पट्टा होता. प्लास्टिकचा आरसा झाला होता. मग मामीचा काळा परकर फाडून कॅमेऱ्याभोवती गुंडाळला. दिवे पेटीच्या बाजूंना टेकवले, म्हणजे उजेड गाळातून न येता पेटीतल्या पाण्यातूनच जाईल. पुढच्या फोटोत विटेवरचं रंध्र न् रंध्र मोजता येत होतं.

मामा दारात उभा राहून पाहत होता. तीन आठवडे होत आले होते. बोटी रोज त्याच धक्क्याला लागत होत्या, शाळेची मुलं, दवाखान्याच्या नर्सा, भाजीच्या टोपल्या, सगळे पाचव्या खांबावरून जा-ये करत होते. रोज सकाळी पहिल्या बोटीचा भोंगा वाजला की मामा खुर्चीतून अर्धा उठायचा.

"पेटी छान झाली," तो म्हणाला. "पण ती टेकवणार कुठे? एवढ्या मोठ्या खांबावर ताटाएवढी जागा तुला सापडणार कशी?"

खरंच होतं. पेटी टेकवली तर दिसणार, पण टेकवेपर्यंत आंधळीच. आणि मामाला उतरायची बंदी.

"तू दाखव," बेडकी म्हणाली.

मामा पहिल्यांदा हसला. त्याने तिच्या डोळ्यांना टॉवेल बांधला आणि जिन्याच्या खांबाजवळ नेऊन उभं केलं. "डाव्या हाताने मिठी मार. गाल खांबाला. आता उजवा हात सरळ खाली. घाई नको. बोटांनी शोधू नकोस, तळव्याने शोध. बोटं हावरट असतात, काहीही सापडलं की थांबतात. आधी शिंपल्यांचा पट्टा लागेल, मग लोखंडी कडं. कड्याखाली एक हात. तिथे तळवा गार पडेल, कारण आतून पाणी वाहतंय." संध्याकाळपर्यंत तो तिला जिन्याच्या खांबाला मिठ्या मारायला लावत होता. शेजारीण दोनदा डोकावून गेली.

बेडकी सकाळी उतरली. डोळे मिटूनच गेली, उघडे ठेवून फायदा तरी काय? शिंपले लागले, कडं लागलं, एक हात खाली सरकली आणि तळव्याला गार लागलं. तिने पेटी टेकवली आणि सहा फोटो काढले.

घरी येऊन तिने पडदा मामापुढे धरला. मामाने पाहिलाच नाही. आधी विचारलं, "वरची कड धारदार होती? आणि खालची भुसभुशीत?"

"हो."

"आत डावीकडे एक गज उघडा पडलाय. वाकलेला."

बेडकीने फोटो मोठा केला. डावीकडे गंजलेला वाकडा गज लख्ख दिसत होता. मामाने तेव्हा कुठे पडद्याकडे नजर टाकली. मग चष्मा काढला आणि दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मामी पदराने डोळे पुसायला लागली आणि वर म्हणे, "उकळत्या पाण्याची वाफ गेली डोळ्यांत." शेगडी कालच बंद झाली होती.

आता खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. शहाण्या माणसांच्या जगात संपलीही असती.

साहेबांनी सहाही फोटो पाहिले. मान हलवली. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "मॅडम, हा आपल्या धक्क्याचा फोटो नाही."

"म्हणजे?"

"आपलं पाणी काळं आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. आणि हे पाहा, किती स्वच्छ! हा कुठल्यातरी पोहण्याच्या तलावातला फोटो आहे. मामांवर तुमचा जीव आहे, मी समजू शकतो. पण म्हणून डोळ्यांत धूळ फेकायची?"

ऐकलंत? दिसत नव्हतं तेव्हा म्हणे, दिसत नाही म्हणून पुरावा नाही. आता दिसतंय, तर दिसतंय म्हणून पुरावा नाही! बेडकीने पेटीबद्दल सांगितलं, गाळलेल्या पाण्याबद्दल सांगितलं, बाजूच्या दिव्यांबद्दल सांगितलं. साहेब ऐकत होते, पण कसे, तर लहान मूल स्वप्न सांगतं तेव्हा ऐकतात तसे. "समितीने निवडलेल्या कॅमेऱ्यात जे दिसलं नाही," ते म्हणाले, "ते तुमच्या त्या मोडक्या डबीत दिसतं?"

बेडकीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती ओरडणार होती, जिभेवर शब्दही आले होते, चांगले ठसठशीत. पण मामा बाहेर बाकावर बसला होता, दार उघडं होतं आणि त्याला सगळं ऐकू जात होतं. तिने शब्द गिळले. पिशवीतून पाण्याखाली लिहायची प्लास्टिकची पाटी काढली आणि पेन्सिलसकट साहेबांपुढे ठेवली.

"यावर सही करा. आजची तारीख आणि वेळ घाला. आणि आणखी काय वाटेल ते लिहा, जे तुमच्याशिवाय कोणाला सुचणार नाही."

"कशासाठी?"

"मी आत्ता उतरते. सगळ्या कार्यालयाने धक्क्यावर येऊन उभं राहावं. तुमच्या सहीशेजारी भेग दिसली नाही, तर मामा पुन्हा पाण्याचं नाव काढणार नाही. मीही नाही."

साहेबांनी सही केली. ऐटीत केली, खाली दोन रेघा मारल्या, आणि तारखेखाली स्वतःच्या गाडीचा नंबर लिहिला.

अख्खं कार्यालय धक्क्यावर जमलं. बेडकीने पेटी भरून घेतली, पाटी कंबरेला बांधली आणि मामाकडे पाहिलं. मामाने स्वतःचा तळवा हवेत उघडून दाखवला. ती शिडीवरून उतरली आणि काळ्या पाण्यात दिसेनाशी झाली.

सतरा मिनिटं गेली. कारकुनांचा चहा निवला. साहेबांनी तीनदा घड्याळ पाहिलं.

ती वर आली, कवच पुसलं, पडदा साहेबांपुढे धरला. ताटाएवढ्या उजेडात पाटी होती, पाटीवर सही, सहीखाली दोन रेघा, गाडीचा नंबर. आणि पाटीच्या कडेला लागून ती भेग, आत वाकलेल्या गजासकट. पाटीची अर्धी कड भेगेत शिरली होती.

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी धक्क्याच्या फळ्यांकडे पाहिलं, मग हळूच दोन पावलं जमिनीच्या बाजूला सरकले. त्यांच्या मागून अख्खं कार्यालय सरकलं.

पाच मिनिटांत बोट बंद झाली, दोर बांधले गेले, 'धक्का बंद'ची पाटी लागली. तीन आठवडे जे होत नव्हतं ते पाच मिनिटांत! आणि मग साहेबांना कंठ फुटला. ते बेडकीला म्हणाले, "वा, मॅडम! कॅमेऱ्याची निवड फार उत्तम. अशी सोय आधी असती तर भेग आधीच सापडली असती."

"सापडली होती!" बेडकी इतक्या जोरात ओरडली की पलीकडे दोर बांधणारे थांबले. "तीन आठवड्यांपूर्वी सापडली होती! हा माणूस ओल्या अंगाने तुमच्या खोलीत येऊन सांगून गेला. कॅमेऱ्याने काही शोधलं नाही, साहेब. मीसुद्धा नाही. मी याच्या हाताने सांगितलेल्या जागी डबी टेकवली, बस्स. भेग याच्या हाताने शोधली, आणि तुम्ही त्या हाताला वेडा ठरवलंत!"

साहेब खाकरले. "ठीक आहे, ठीक आहे. मामा, तुमच्यावरचा तो आदेश मी रद्द करतो. झालं?"

"नुसता रद्द नको," मामा म्हणाला. त्याचा आवाज ऐकून सगळे वळले. "भेग हाताने सापडली आणि ती खरी होती, असं लिहून द्या."

"असं लिहायची पद्धत नाही हो."

"भ्रम लिहायची होती?"

साहेबांनी लिहिलं. धक्क्याच्या कठड्यावर कागद ठेवून, उभ्यानेच लिहिलं. मामाने ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा ओठ हलवत. मग कागद बेडकीकडे दिला, सदरा काढला आणि तीन आठवड्यांनी पाण्यात उतरायचा पोशाख चढवायला लागला.

"अहो मामा, आता कशाला? फोटो मिळालाय," साहेब म्हणाले.

मामाने गळ्यापर्यंत चेन ओढली आणि त्यांच्याकडे वळला.

"साहेब, खांब बारा आहेत. तीन आठवडे तुम्ही मला वर बसवलंत. बाकीचे अकरा कोणी पाहिले?"

साहेबांनी कारकुनांकडे पाहिलं. कारकुनांनी एकमेकांकडे पाहिलं. मामाने उत्तराची वाट पाहिली नाही. तो शिडीवरून उतरला, सहाव्या खांबाला डाव्या हाताने मिठी मारली आणि खाली गेला.